चौथीतल्या मुलीसाठी विज्ञान आणि इंग्रजीचे ऑनलाइन खेळ कोणते?

मोबाइलवरच शिकवायचंय, पण तिला कंटाळा येऊ नये, असं तुम्ही म्हणताय. मग कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ (PhET) हे विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून बघायचं संकेतस्थळ उघडा. फुकट आहे, बरेच प्रयोग मराठीतही आहेत. आधी फुग्याचा द्या: फुगा स्वेटरवर घासला की ऋण प्रभार (निगेटिव्ह चार्ज) फुग्यावर येतात, आणि सोडला की तो परत स्वेटरलाच जाऊन चिकटतो. मग खरा फुगा तिच्याच केसांवर घासायला लावा. (केसांना तेल नको, आणि पावसाळी दमट हवेत फजिती होते!) आमच्याकडे यातच अख्खी दुपार गेली.

इंग्रजीसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ (StoryWeaver) हे गोष्टींचं संकेतस्थळ. ऐकत वाचायच्या गोष्टी घ्या. मराठीतही असलेली गोष्ट मिळाली तर आधी ती, मग इंग्रजी. व्याकरणाच्या ॲपच्या भानगडीत एवढ्यात पडू नका.