विटांच्या भट्टीतल्या पिझ्झ्याचे 700 रुपये कशाचे? आई-बाबांना नेलं तर तिथे काय मागवावं?

तुमचा प्रश्न असा आहे की बाणेरच्या एका विटांच्या भट्टीवाल्या पिझ्झा रेस्टॉरंटमध्ये आई-बाबांना पहिल्यांदाच घेऊन जायचंय, दोघं शाकाहारी आहेत आणि मेन्यूतले 700 रुपये बघून बाबा म्हणतायत, "पिझ्झा तो पिझ्झा, त्यात एवढं काय?"

जरूर न्या. फक्त तिथले पैसे चीजचे किंवा वरच्या भाज्यांचे नसतात, खालच्या पावाचे असतात, हे धरून चला. तो पाव चांगला असेल तर 700 रुपये वाजवी आहेत. तो बरा नसेल तर वर काहीही घातलं तरी मला ते पैसे वाया गेलेले वाटतात.

इटलीतल्या नेपल्स शहराच्या पद्धतीच्या पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच असतं. तेल नाही, साखर नाही. यीस्ट अगदी चिमूटभर असतं, म्हणून पीठ सावकाश फुगतं. चांगल्या ठिकाणी ते एक ते तीन दिवस थंड जागी मुरवतात आणि पावाला चव तिथून येते. पीठ तीन दिवस मुरवणं म्हणजे तीन दिवस आधी अंदाज बांधून फ्रीजमधली जागा अडवून ठेवणं, आणि गिऱ्हाईक आलं नाही तर ते पीठ टाकून देणं. किमतीतला बराचसा भाग या उस्तवारीचा आहे.

दुसरा भाग भट्टीचा. घरचा ओव्हन साधारण 250 अंशांपर्यंत जातो. त्यात पिझ्झा भाजायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पिठातलं पाणी उडून पाव सुकतो. नेपल्सच्या पद्धतीत भट्टी 430 ते 480 अंशांवर असते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, कडा टम्म फुगते आणि पाव आतून ओलसर, मऊ राहतो. एवढी धग लोखंडी पत्र्याची असती तर तळ बघता बघता कोळसा झाला असता. वीट उष्णता हळू सोडते म्हणून तळ बेताने भाजतो, आणि वरून घुमटाच्या छताची धग चीज वितळवते. तळ आणि वरची बाजू एकाच वेळी तयार होणं, एवढ्यासाठीच हा विटांचा खटाटोप आहे.

तसं बघितलं तर विटांची भट्टी आपल्याला नवी नाही. मुंबईच्या इराणी बेकऱ्यांतला ब्रून आणि गोव्यातल्या पोदेराचा पाव अशाच भट्ट्यांतून आलेला आहे. बाबांना ब्रून-मस्का आवडत असेल तर त्यांना पिझ्झा म्हणून सांगू नका, ताजा भाजलेला पाव म्हणून सांगा. त्यांना पटेल.

लाकडाची भट्टी आहे की गॅसची, हाही प्रश्न लोक फार विचारतात. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत कमी प्रदूषणाच्या इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हापासून ही चर्चा जास्तच आहे. माझं मत असं की गॅसचं नाव ऐकून मागे फिरू नका. दीड मिनिटात धूर पावात मुरायला वेळच नसतो. आपल्याला जी चव लाकडाची वाटते ती बरीचशी कडेवरच्या काळ्या ठिपक्यांची असते, आणि विटा पुरेशा तापल्या असतील तर ते गॅसवरही येतात.

शक्य असेल तर भट्टी दिसेल असं टेबल मागा. आई-बाबांना ते बघायला आवडेल, आणि जागा चांगली आहे का तेही तुम्हाला तिथेच कळेल. कारागीर लाटणं घेत नाही. पिठाच्या गोळ्याच्या मधोमध बोटं दाबत तो बाहेरच्या दिशेला जातो आणि शेवटचं बोटभर अंतर तसंच सोडतो. आतली हवा त्या कडेत ढकलली जाते आणि पुढे फुगते तीच. लाटण्याने ही हवा निघून जाते. मग लांब दांड्याच्या फावड्याने पिझ्झा विटांवर सरकवतो. अर्ध्या मिनिटात एका छोट्या गोल फावड्याने कड जराशी उचलून तळ बघतो आणि पिझ्झा फिरवतो, कारण जाळाकडची बाजू आधी भाजते. तळ झाला आणि वरचं चीज मागे राहिलं असेल तर पिझ्झा फावड्यावरच उचलून छताजवळ दोन-चार सेकंद धरतो. हे हात बघत बसायला मला कधीच कंटाळा येत नाही.

आता मागवायचं काय. पहिला पिझ्झा मार्गारिटाच मागवा: टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या जातीची बेसिलची पानं आणि ऑलिव्ह तेल. आईला तो फारच साधा वाटेल, पण पाव कसा आहे ते यातच कळतं. नेपल्समधलं 1870 पासूनचं 'दा मिकेले' मार्गारिटा आणि मारिनारा या दोनच पिझ्झ्यांवर नावारूपाला आलं. मारिनारात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं, चीज नसतंच. घरात कोणी दूध-दुभतं खात नसेल तर हे लक्षात ठेवा.

दुसरा पिझ्झा तुमच्या आवडीचा घ्या, पण वरचा ऐवज बघून. दीड मिनिटात सिमला मिरची, कांदा, मशरूम शिजत नाहीत, नुसतं पाणी सोडतात, आणि ते पाणी मधल्या पातळ भागात उतरून पाव भिजतो. म्हणून भाज्या आधी भाजून घेता का, हे विचारा. किंवा भाजून झाल्यावर वरून घालायच्या गोष्टी निवडा: अरुगुलाची तिखटसर पानं, बुराटा (आतून सायीसारखं मऊ चीज), पेस्टो (बेसिल, सुकामेवा आणि चीजची चटणी). पनीर टिक्का पिझ्झ्याला माझा विरोध नाही, मी तो आवडीने खाते. फक्त या नाजूक पावाला पनीर, मसाला आणि मेयोनेजचं ओझं पेलत नाही. तो जाड पावावर छान लागतो.

दोघं शाकाहारी आहेत म्हणून हे मुद्दाम सांगते. खरं इटालियन पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या जठरातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणासारख्या पदार्थाने, करतात, तसा त्याचा नियमच आहे. आपल्याकडे बनणारं बरंचसं चीज मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या, शाकाहारी रेनेटचं असतं, पण वरून किसून घालतात ते कोणतं आणि पेस्टोत काय आहे, हे विचारून घ्या. विचारायला संकोच करू नका, चांगली जागा नीट उत्तर देते. भट्टीचा तळ आणि कापायचं चाक मांसाहारी पिझ्झ्यांनाही तेच असतं का, हेही आईला महत्त्वाचं वाटत असेल तर आधी फोन करून विचारलेलं बरं. तिरामिसू या कॉफीच्या इटालियन गोड पदार्थाच्या मूळ कृतीत कच्चं अंडं असतं, अनेकदा दारूही असते. तेव्हा तेही विचारूनच मागवा.

पिझ्झा समोर आला की दोन तक्रारी येतील, त्याची तयारी ठेवा. कडेवरचे काळे ठिपके बघून आई म्हणेल, करपलाय. सुटे ठिपके हवेतच. पण सगळा तळ काळा आणि कडू असेल तर तो खरंच करपलेला आहे, बिनधास्त परत द्या. दुसरी तक्रार, मधे कच्चा राहिलाय. या पद्धतीच्या पिझ्झ्याचा मधला भाग पातळ आणि ओला असतो, तुकडा उचलला की टोक खाली झुकतं. काटा-सुरीने खायला सांगा, नेपल्समध्येही खातात. वाटल्यास कड तोडून आत बघा: मोठी, वेडीवाकडी भोकं दिसली आणि पिठूळ चिकट थर नसला तर पाव शिजलेला आहे. बाबांना कुरकुरीतच आवडत असेल तर रोमन पद्धतीचा पातळ पिझ्झा मेन्यूत आहे का बघा. नसेल तर थोडा जास्त भाजून द्या म्हणून सांगा, देतात.

तिघांत दोन पिझ्झे आणि एक सॅलड पुरतं. पण दोन्ही पिझ्झे एकदम आणू नका, पहिला संपत आला की दुसरा भट्टीत घाला, असं आधीच सांगून ठेवा. हा पाव म्हणजे तव्यावरून थेट पानात पडलेली भाकरी आहे, थांबला की गेला. दहा मिनिटांत कड चिवट होते. घरपोच मागवण्याबद्दल माझं मत याच कारणाने स्पष्ट आहे: खोक्यातल्या वाफेने पाव मऊ पडतो आणि ज्याचे पैसे दिले तेच हातातून जातं. घरीच खायचा असेल तर दुसऱ्या पद्धतीचा मागवा, जास्त समाधान मिळेल.

जायची वेळही बघा. शनिवारी रात्री नऊला पिझ्झ्यामागून पिझ्झे विटांवर पडत असतात, प्रत्येक पिझ्झा तळातली थोडी उष्णता ओढून घेतो आणि तळ पुन्हा तापायला उसंत मिळत नाही. मग वरून भाजलेला, खालून पांढुरका पिझ्झा टेबलावर येतो. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सात-साडेसातला जा. तेव्हा भट्टी तापलेली असते, गर्दी कमी असते आणि आई-बाबांशी बोलताना आवाजही चढवावा लागत नाही.

केचप आणि चिली फ्लेक्स टेबलावर नसतात बऱ्याचदा. बाबांनी मागितले तर मागू द्या, त्यांचं जेवण आहे. पण पहिला घास नुसता खा म्हणावं, आणि मिरचीचं तेल असेल तर आधी ते द्या.

उरलाच तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामड्यासारखा होतो. जाड तवा मंद आचेवर तापवा, तुकडा ठेवा, तव्याच्या कडेला पाण्याचे दोन थेंब सोडून झाकण घाला. चीज हललं की झाकण काढा आणि तळ कुरकुरीत होईपर्यंत मिनिटभर ठेवा.