आधुनिकतेचा मृत्यू, दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी

प्रश्न : ताई, माझी मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा तिची वही चाळताना एक वाक्य दिसलं : 'आधुनिक वास्तुकला १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मरण पावली.' खाली लाल रेघ आणि 'परीक्षेला महत्त्वाचं'. आमचे हे म्हणाले, मृत्यूचा दाखला कुणी दिला ते आधी विचार. एखादी विचारसरणी अशी मिनिटाच्या हिशेबाने मरते का? आणि तिच्यानंतर आलं ते उत्तर-आधुनिक म्हणजे नेमकं काय?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : दाखला देणाऱ्याचं नाव चार्ल्स जेंक्स. जन्माने अमेरिकन, मुक्काम लंडनला, पेशाने समीक्षक. १९७७ साली त्याने उत्तर-आधुनिक वास्तुकलेवर पुस्तक लिहिलं, त्यात हे वाक्य आहे. मूळ वाक्यात वेळेच्या पुढे कंसात 'किंवा त्याच्या आसपास' असे शब्द आहेत. वहीत उतरवताना नेमके तेवढेच गळतात.

माझ्याही वर्गात गळायचे. मी अठ्ठावीस वर्षं आर्किटेक्चरच्या मुलांना इतिहास शिकवला. स्लाइड प्रोजेक्टरच्या काळात या विषयाची माझ्याकडे एकच स्लाइड होती : अकरा मजली इमारत कमरेत मोडून धुळीत बसतानाची. पडदे ओढून अंधार करायचा, स्लाइड लावायची आणि घड्याळाची वेळ सांगायची. मुलं चिडीचूप. शिकवणाऱ्याला चटक लागावी असा तो क्षण असायचा. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, तिथली माणसं कुठे गेली?" मला माहीत नव्हतं. पुढच्या तासाला सांगते म्हणाले आणि लायब्ररीत जाऊन बसले. तुम्हाला जे सांगतेय ते बरंचसं त्या आठवड्यातलं आहे.

आधी वेळेचं. ती जेंक्सने मनाने घातली होती, आणि पुढे त्याने तसं कबूलही केलं. पहिली इमारत तर १६ मार्च १९७२ लाच सुरुंग लावून पाडली होती. सगळी वसाहत भुईसपाट व्हायला १९७६ उजाडलं.

वसाहतीचं नाव प्रूइट-आयगो. तेहेतीस इमारती, प्रत्येकी अकरा मजले, २,८७० घरं. पहिली बिऱ्हाडं १९५४ साली आली. आराखडा मिनोरू यामासाकीचा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे ज्याने केले तोच हा. त्याचं नाव आज निघतं ते दोन्ही ठिकाणच्या पडण्यावरूनच.

विचार अस्सल आधुनिक होता. माणसाच्या गरजा मोजता येतात, मोजल्या की घर आखता येतं, आणि घर नीट आखलं की माणसाचं आयुष्यही मार्गी लागतं. फ्रान्समधला वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याने घराला 'राहण्याचं यंत्र' म्हटलं त्याला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. जुनी दाट वस्ती पाडायची, उंच इमारती बांधायच्या, मधे मोकळी जागा सोडायची, ऊन-वारा सगळ्यांना सारखा. यात वाईट काय आहे? मला आजही यात वाईट काही दिसत नाही.

प्रूइट-आयगोत लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची. त्यात खर्च वाचायचा. आणि लिफ्ट थांबे त्या मजल्यांवर लांबरुंद गॅलरी होती. तिथे मुलं खेळतील, कपडे धुता-वाळवताना बायका बोलतील, जमिनीवरचा शेजार हवेत उभा राहील अशी कल्पना. हे वाचताना मला गिरगावातली आमची चाळच आठवली. पण आमच्या गॅलरीत बावीस दारं उघडायची. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचं भांडण झालं, कुणाचा मुलगा उशिरा परतला, सगळं कळायचं. नको तेही कळायचं. तिथली गॅलरी मात्र तीन मजल्यांत मिळून एक. बाकीच्या मजल्यांवरच्यांनी लिफ्टमधून उतरायचं, ती ओलांडायची आणि जिन्याने वर किंवा खाली आपल्या दाराशी पोचायचं. जागा सगळ्यांची, पण बहुतेकांच्या उंबऱ्यासमोरची नाही. तिच्यावर डोळा कोण ठेवणार? काही वर्षांतच त्या गॅलऱ्यांत आणि जिन्यांत माणसं लुटली जाऊ लागली.

इथपर्यंत जेंक्सचं पटतं. आराखड्यात चूक होतीच. पण तो इथेच थांबतो, आणि माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथून सुरू होतो.

यामासाकीला बुटक्या, मध्यम आणि उंच अशा मिश्र इमारती हव्या होत्या. सरसकट अकरा मजले करायला लावले ते सरकारी गृहनिर्माण खात्याने, पैसे वाचवायला. बांधकामाचा पैसा केंद्र सरकारचा, देखभालीचा मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा. आता सेंट लुईसचं बघा. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या वर होती, ती १९७० मध्ये सव्वासहा लाखांच्या आत आली. कारखाने गेले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. मूळ बेतात प्रूइट कृष्णवर्णीयांसाठी आणि आयगो गोऱ्यांसाठी होतं. असं वेगळं वसवायला कायद्याने बंदी आल्यावर गोरे तिकडे फारसे फिरकले नाहीत. घरं रिकामी राहिली, भाडं घटलं, लिफ्ट बंद पडल्या, दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून आणखी लोक गेले. सोसायटीत मेन्टेनन्स थकला की काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे तो हजारो घरांचा थकला. त्यातच सरकारी मदतीचे नियम असे की घरात धडधाकट पुरुष राहत असेल तर मदत बंद. म्हणजे बायकोमुलांचं पोट भरावं म्हणून बापाने घर सोडायचं. १९६९ साली वाढत्या भाड्याविरुद्ध भाडेकरूंनी महिनोन्‌महिने भाडं देणं थांबवलं. सुरुंग लागले तेव्हा जवळपास निम्म्या इमारतींच्या खिडक्यांना आधीच फळ्या ठोकलेल्या होत्या.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला एवढंच सांगितलं : माणसं स्फोटाच्या आधीच गेली होती.

आणखी एक. या वसाहतीला मोठा वास्तुपुरस्कार मिळाला होता असं जेंक्सने लिहिलं, आणि आम्ही सगळ्यांनी त्याचीच री ओढत ते शिकवलं. १९९१ साली कॅथरीन ब्रिस्टल या अभ्यासिकेने कागदपत्रं तपासून दाखवून दिलं की असा पुरस्कार मिळालाच नव्हता. पण कथेला तो हवा होता. गौरव झाला आणि मग गर्व उतरला, असं असलं की गोष्ट रंगते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. १९७९ साली फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार याने कॅनडातल्या क्वेबेकच्या विद्यापीठ परिषदेसाठी ज्ञानाच्या स्थितीवर अहवाल लिहिला. त्यात त्याने उत्तर-आधुनिकतेची थोडक्यात ओळख करून दिली ती महाकथनांवरचा अविश्वास अशी. विज्ञान माणसाला मुक्त करील, इतिहास प्रगतीकडेच चालला आहे, एकच चांगली रचना साऱ्या जगाला चालेल, या मोठ्या गोष्टींवरचा भरवसा उडाल्यानंतरची मनःस्थिती. ती आधीपासून पसरत होतीच. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅलरीत वाण्याकडच्या ब्रिलो साबणाच्या खोक्यांसारखी हुबेहूब खोकी मांडली, तेव्हा कला पुढे-पुढेच जाते या समजुतीला तडा गेला. पण खोक्यांवर वाद घालत बसता येतं. पडलेली इमारत सगळ्यांना दिसते. म्हणून मृत्यूची बातमी वास्तुकलेतून आली. आणि मोठ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्यांची स्वतःची सुरुवात मात्र एका मोठ्या गोष्टीनेच झाली, स्थळ, काळ, वेळ आणि प्रेतासकट. त्या गोष्टीतून वगळलं गेलं ते भाडं, लिफ्टची दुरुस्ती आणि घर सोडून गेलेला बाप.

मुलीने पेपरात ते वाक्य खुशाल लिहावं, मार्क मिळतील. फक्त कंस गाळू नको म्हणावं.

प्रश्न : उत्तर-आधुनिक म्हणावं की आधुनिकोत्तर? समीक्षकांत एकवाक्यता दिसत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : मी उत्तर-आधुनिक लिहिते. 'आधुनिकोत्तर' म्हटलं की मला 'मरणोत्तर' ऐकू येतं. उलट उत्तररात्र ही रात्रच असते आणि उत्तरार्ध त्याच कादंबरीचा असतो.

प्रश्न : आमची चाळीस वर्षांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे. बिल्डरने दाखवलेल्या एलिव्हेशनमध्ये खाली रोमन खांब, वर घुमट, मधे कमानी. कमिटीतले निम्मे खूश आहेत. माझा भाचा आर्किटेक्ट आहे, तो नाक मुरडून म्हणतो, 'हे पोस्टमॉडर्न आहे.' ही स्तुती आहे की शिवी? आणि मी सेक्रेटरी म्हणून सभेत काय बोलू?
— एक सेक्रेटरी, ठाणे

उत्तर : पोस्टमॉडर्न म्हणजे वर आलं तेच उत्तर-आधुनिक. भाच्याच्या तोंडी ती शिवी आहे. पण तीही जरा चुकीच्या पत्त्यावर गेली आहे.

अमेरिकन वास्तुकार रॉबर्ट व्हेंच्युरीने १९६४ साली फिलाडेल्फियात आपल्या आईसाठी लहानसं घर बांधलं. लहान मूल काढतं तसं उतरत्या छपराचं, पण ते छप्पर मधोमध चिरलेलं. दारावर कमानीची रेघ चिकटवलेली, तीही तुटलेली. आत एक जिना असा की जो चढून कुठेच पोचत नाही. आधुनिकांचा मंत्र होता जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोहच्या नावाचा : लेस इज मोअर. व्हेंच्युरीने १९६६ च्या पुस्तकात उलटं ठणकावलं : लेस इज अ बोअर. (बोअर हा शब्द आपल्याकडे एव्हाना मराठीच झाला आहे, तेव्हा भाषांतर करत नाही.) कमान लावायची, पण ती भार पेलत नाही हे लपवायचं नाही. पाहणाऱ्याला जुनं आठवावं आणि हसूही यावं. तो खेळ होता, आणि खेळाचे नियम बांधणाऱ्याला माहीत होते.

मुलीकडे न्यूजर्सीला गेले होते तेव्हा मॅनहॅटनमध्ये दोन इमारती मुद्दाम एकाच सकाळी पाहिल्या. एकीकडून दुसरीकडे पायी दहा मिनिटंही लागत नाहीत. पहिली सीग्राम, १९५८ ची, मीसची. काळसर, सरळ, एक रेघ जास्त नाही. आणि तरी तिच्या अंगावर खालून वरपर्यंत कांस्याच्या उभ्या तुळया आहेत ज्या काहीच पेलत नाहीत! अमेरिकेच्या अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे खरा पोलादी सांगाडा काँक्रीटमध्ये झाकावा लागला. मग आत पोलाद आहे हे कळावं म्हणून बाहेर कांस्य. बायका खरे दागिने लॉकरमध्ये ठेवून एक ग्रॅम सोन्याचे घालून लग्नाला जातात, तसलाच प्रकार. सजावट म्हणजे पाप, असं मानणाऱ्या घराण्यातली ही सजावट. मला ती फार आवडली.

दुसरी इमारत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीसाठी बांधलेली, १९८४ ची. गुलाबी ग्रॅनाइट, आणि डोक्यावर जुन्या इंग्रजी कपाटाला असतो तसा मधे खाच असलेला मुकुट. ही फिलिप जॉन्सनची. या गृहस्थाने १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आधुनिक वास्तुकलेचं प्रदर्शन भरवून अमेरिकेला तिची दीक्षा दिली होती. सीग्रामच्या कामातही तो मीसच्या बरोबर होता. नंतर त्यानेच गगनचुंबी इमारतीला कपाटाची टोपी घातली. तत्त्वनिष्ठा वगैरे सोडा, वाऱ्याची दिशा त्याला सगळ्यांच्या आधी कळायची एवढं खरं. त्या टोपीने मला एकदाच हसवलं. दुसऱ्यांदा पाहताना ती नुसती मोठी वाटली.

तुमच्या बिल्डरच्या खांबांत हसूही नाही. पवईच्या हिरानंदानी गार्डन्समध्ये वास्तुकार हफीझ काँट्रॅक्टर यांनी खांब-कमानींचे मनोरे उभे केले, आणि मग ठाण्यापासून नाशिकपर्यंत प्रत्येक ब्रोशरमध्ये रोम अवतरलं. ते पाहून कुणाला रोम आठवत नाही, पवई आठवते. नकलेची ही नक्कल आहे.

भाच्याला एकदा पुण्याला विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था दाखवा. वास्तुकार चार्ल्स कोरियांचं काम. काळ्या दगडाच्या भिंती, मधे पायऱ्यापायऱ्यांचं कुंड, आणि त्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन असे चौघे. कुंड आपल्या देवळातलं, विषय आकाशाचा. कोरियांना मी उत्तर-आधुनिक म्हणणार नाही, पण जुनं रूप का घ्यायचं हे तिथे पायरीवर बसलं की उमगतं. संध्याकाळी जा, दुपारी दगड तापतो.

सभेत यातलं काही बोलू नका, कुणी ऐकणार नाही. बिल्डरला तीन गोष्टी लेखी विचारा. खांब आणि कमानी काँक्रीटच्या की थर्माकोलवर प्लास्टर चढवलेल्या? घुमटाखालून पाणी झिरपलं तर दुरुस्ती किती वर्षं त्याच्याकडे? आणि त्या सगळ्या कंगोऱ्यांवर कबुतरं बसणार, त्यांच्या जाळ्यांचा आणि दर काही वर्षांनी परांची बांधून रंग देण्याचा खर्च मेन्टेनन्समध्ये धरला आहे का? माझा अंदाज, कबुतरांवरच चर्चा सगळ्यात जास्त वेळ चालेल.