स्कॅनवर तारीख नसते

प्रश्न : फोंड्यात राहतो, वय ५६. मे २०२४ मध्ये आरोग्य विमा घेतला. गेल्या दिवाळीत डावा हात थरथरू लागला. तीन दिवस दाखल होतो, ट्रोडॅट स्कॅन झाला आणि पार्किन्सनचं निदान झालं. कंपनीने दावा फेटाळला : ‘मेंदूतला ऱ्हास पॉलिसीआधीचा, आजार लपवला.’ केसपेपरवर ‘तीन वर्षांपासून वास कमी येतो’ असं लिहिलंय, तेच पार्किन्सनचं आधीचं लक्षण म्हणून पुढे करतात. २०२३ मध्ये खांदा आखडला म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, तेवढंच.

उत्तर : कंपनीचं विज्ञान बरोबर आहे, कायदा चुकलाय. म्हणून विज्ञानाशी भांडू नका.

ट्रोडॅट हा मेंदूचा स्कॅन डोपामिन (हालचाली सांभाळणारं मेंदूतलं रसायन) परत शोषून घेणारी वाहक प्रथिनं दाखवतो. निरोगी मेंदूत दोन स्वल्पविराम उजळलेले दिसतात. पार्किन्सनमध्ये आधी त्यांच्या शेपट्या विझतात आणि दोन टिंबं उरतात. हात थरथरेपर्यंत तिथले निम्म्याच्या आसपास तंतू गेलेले असतात, असं मेंदूविकारतज्ज्ञ मानतात. म्हणजे ऱ्हास २०२४ च्या आधीच सुरू झाला असणार. हे नाकारलंत तर उलटतपासणीत तुमचाच डॉक्टर अडकेल.

पण विम्यात ‘आधीपासूनचा आजार’ याची व्याख्या ठरलेली आहे : पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरने सल्ला वा उपचार दिलेला आजार. पेशी कधी मरू लागल्या, हे त्यात कुठेच नाही. शिवाय एका स्कॅनवरून सुरुवातीची तारीख काढता येत नाही. पार्किन्सन आणि त्यासारखे इतर काही आजार यांतला फरकही त्यावरून सांगता येत नाही. राहता राहिला वास. हुमणाचा (माशांच्या कालवणाचा) वास येईना म्हणून मेंदूच्या डॉक्टरकडे कोण जातो? कोविडनंतर तर ही तक्रार घरोघरी होती.

तुमची खरी कच्ची बाजू खांदा आहे. प्रस्ताव अर्जात ‘गेल्या काही वर्षांत कुठले उपचार घेतले का?’ असं विचारलं होतं का, आणि तिथे ‘नाही’ वर टिक आहे का, ते पाहा. अर्ज एजंटने भरला आणि तुम्ही खाली सही केली, हे मी रोज ऐकतो. सही तुमचीच धरतात. पॉलिसीला पाच वर्षं उलटली असती तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला हा मुद्दा काढता आला नसता. तुमची दोनसुद्धा पुरी झालेली नव्हती.

दुसरी अडचण : केवळ तपासण्यांसाठी दाखल होणं बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. त्या तीन दिवसांत औषधं सुरू झाली असतील, तर डॉक्टरकडून तसं लिहून घ्या. जे झालं तेवढंच, एक शब्द जास्त नको.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही (मी स्वतः वकील, माझं नुकसान करून सांगतोय). नाहीतर दोन वर्षांच्या आत दक्षिण गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग, मडगाव. दोन्हीकडे एकदम जाऊ नका. आयोगात प्रकरण असलं की लोकपाल हात लावत नाही.

आणि रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. पॉलिसी गेली तर नवी कंपनी हाच स्कॅन मागेल, आणि त्या दिवशी तो खरोखरच आधीपासूनचा आजार असेल.