ठाणे-नवी मुंबईजवळ नदीकाठच्या गावांतून सायकल चालवायला शांत रस्ते कोणते?

तुमचं म्हणणं असं की कळव्याहून रविवारी निघावं, ४०-५० किलोमीटर सायकल व्हावी, नदी दिसावी, शेतं दिसावीत आणि मागून हॉर्न वाजू नये. सायकल साधी गिअरची. नदी आणि शेतं दाखवणारे रस्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत हो, घोडं अडतं ते हॉर्नपाशी.

मी खारघरला राहतो. सायकल घेतली तेव्हा माझा उद्योग असा होता की फोनवर नकाशा उघडायचा, नदी शोधायची, तिच्याकडेने जाणारा बारीकसा रस्ता हेरायचा आणि रविवारी पहाटे सुटायचं. निम्म्या वेळा डंपरची धूळ खाऊन घरी आलो. बऱ्याच रविवारांनंतर डोक्यात प्रकाश पडला की रस्ता किती हिरवा दिसतो हे बघून उपयोग नाही, तो जातो कुठे ते बघायचं. दोन महामार्गांना जोडणारा रस्ता असला की वळसा वाचवणारा प्रत्येक टेम्पो तिथूनच जाणार. पण डोंगराच्या पायथ्याला जाऊन जो संपतो, ज्याच्यापुढे फक्त पायवाट असते, त्या रस्त्यावर फक्त तिथे काम असलेला माणूसच येतो. एसटी, दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल, शाळेची पोरं, एखादा ट्रॅक्टर. आणि सह्याद्री हाकेच्या अंतरावर असल्यामुळे असे डोंगराला टेकून संपणारे रस्ते आपल्याला हवे तितके आहेत.

त्यातला माझा सगळ्यात लाडका गाढी नदीचा. पनवेलला जी गाढी आपण पुलावरून नाक दाबून ओलांडतो, ती माथेरानच्या डोंगरातून येते आणि वरच्या अंगाला तिचं रूप अगदी वेगळं आहे. नवीन पनवेलहून सुकापूरमार्गे नेरे गाठायचं. या रस्त्याला इकडे माथेरान रोडच म्हणतात, पण त्याने गाडी घेऊन माथेरानला जाता येईल असं समजू नका. नेऱ्यापर्यंत मन घट्ट करून चालवायचं, कारण दोन्ही बाजूंना इमारती उठतायत, सिमेंटचे मिक्सर फिरतायत. नेऱ्याच्या नाक्यावर चहा घ्यायचा. पुढे वाजे गावाजवळ एका मोठ्या नटाचं फार्महाऊस आहे, तिथे कधीकधी फोन वर धरून उभी असलेली मंडळी दिसतात, त्यांना वळसा घालायचा. त्यानंतर मात्र रस्ता आपला. उजवीकडे प्रबळगड आणि त्याला चिकटलेला कलावंतिणीचा सुळका, डावीकडे चंदेरी, आणि समोर माथेरानचा डोंगर आडव्या भिंतीसारखा. रस्ता त्या भिंतीच्या पायथ्याशी धोदाणीला जाऊन संपतो. पनवेल स्टेशनपासून १७-१८ किलोमीटर असेल. शेवटचे चार-पाच सोडले तर चढ फारसा नाही.

धोदाणीला पोचलात की लगेच परत फिरू नका. रस्ता संपतो तिथे एसटी वळते, तो कार्यक्रम बघण्यासारखा असतो. ड्रायव्हर आरसा बघतो, कंडक्टर खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतो, एक कुत्रं ठरल्यासारखं मधेच येऊन बसतं, आणि सगळं गाव हे पहिल्यांदाच बघत असल्यासारखं बघतं. तिथूनच सनसेट पॉइंटला चढणारी पायवाट निघते. मला या रस्त्याची एक गंमत वाटते. मोटारीचा रस्ता जिथे संपतो, त्याच्या बरोबर वर डोक्यावर माथेरान, आणि तिथे मोटारींना बंदी!

वाटेत देहरंगचं धरण लागतं, त्यालाच गाढेश्वर म्हणतात. पनवेल शहर कित्येक वर्षं हेच पाणी पितंय. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिकडे जाऊ नका. एक तर गर्दी असते, नाहीतर बंदी आणि पोलीस असतात. दोन्हीत सायकलवाल्याचं काही काम नाही.

दुसरा रस्ता कर्जतचा, आणि तुम्हाला कळव्याहून तो जास्त सोयीचा पडेल. ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल पकडा. मी पनवेलहून येतो, पण कर्जतला भेटणारे ठाण्याचे मित्र लगेजचं तिकीट काढून लगेजच्या डब्यातून सायकली आणतात. रविवारी पहाटे भाजीवाल्यांच्या रिकाम्या पाट्या तेवढ्या असतात. पुढचं चाक काढून ठेवलं की कुणाची तक्रार नसते. मासळीच्या टोपलीशेजारी मात्र उभी करू नका. एका मित्राच्या सीटला दोन आठवडे बोंबलाचा वास येत होता.

कर्जतहून दोन फाटे. सोपा फाटा कोंडिवड्याचा, अंतर १०-१२ किलोमीटर. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून याच खोऱ्यात उतरते आणि रस्ता बराच वेळ तिच्या संगतीने जातो. फार्महाऊस आणि रिसॉर्टं झालीयत खरी, पण त्यांचे पाहुणे दहाच्या आत उठत नाहीत. कोंडिवड्याला सायकल कुणाच्या तरी अंगणात लावायची आणि रानातून चालत कोंडाणे लेणी बघून यायची. दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. दगडात कोरलेल्या कमानी आणि तुळया बघताना सुताराचं काम बघतोय असंच वाटतं. जाऊन-येऊन पंचवीसच्या आत होतं, त्यामुळे पहिल्या वेळेला हेच करा.

लांब फाटा कशेळेमार्गे खांडसचा. भीमाशंकरला शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने चढणारे जिथून सुरुवात करतात, तेच खांडस. जाऊन-येऊन साठच्या आसपास धरा. कर्जत ते कशेळे हा टप्पा मला आता आवडत नाही. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली महामार्ग झाल्यापासून तो आरपार रस्ता झालाय आणि गाड्या सुसाट असतात. उजेड व्हायच्या वेळेला तो उरकायचा. कशेळ्याला आत वळलात की आवाज बंद. कोथळीगडाचा सुळका दिसायला लागतो, मग समोर भीमाशंकरची रांग आणि तिच्या पुढ्यात पदरगड.

या भागातली पेज नदी नीट बघून घ्या. मे महिन्यात कोंडिवड्याला उल्हासचे नुसते गोटे दिसतात, आणि पेजेला मात्र पाणी खळाळत असतं. कारण वर मावळात आहे. आंध्रा नदीवर ठोकरवाडीला टाटांचं धरण आहे. तिथलं पाणी घाटाखाली सोडून भिवपुरीला वीज करतात, हे वीजघर १९२२ सालचं. वीज काढून झालेलं पाणी पेजेत येतं, पेजेतून उल्हासला. आंध्रा मुळात इंद्रायणीला मिळणारी, म्हणजे हे पाणी भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. ते इकडे वळलं आणि आज बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या नळांना येतं. मी खांडसहून परतताना पुलावर थांबून पाय सोडून बसतो तेव्हा हटकून हे आठवतं. बरोबर कुणी असेल तर त्याला सांगतोही, आणि त्याला ते दर वेळी ऐकून घ्यावं लागतं.

आता ज्यांची नावं तुम्हाला लोक हमखास सांगतील ते रस्ते. वज्रेश्वरी-गणेशपुरी तानसा नदीच्या काठी आहे, गरम पाण्याची कुंडं आहेत, देवीचं देऊळ पायऱ्यांसकट बघण्यासारखं आहे. पण तो रस्ता अहमदाबाद महामार्ग आणि भिवंडी-वाडा रस्त्याच्या मधला, त्यामुळे ट्रक. देवदर्शनाला जा, सायकलला नको. टिटवाळा-खडवली हा काळू आणि भातसा नद्यांचा पट्टा सुंदर आहे, फक्त मंगळवार टाळा, अंगारकी तर टाळाच, आणि पावसाळी रविवारी खडवलीच्या नदीवर जत्रा असते. थंडीतल्या शनिवारी मात्र मला तिथे तासभर एकही गाडी भेटली नव्हती.

माझ्या नियमाला अपवाद म्हणजे बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाडकडे जाणारा रस्ता. आहे आरपारच, पण वळणं आणि चढ-उतार इतके की अवजड गाड्या दुसरीकडून जातात. झाडी दाट आहे. पाय तयार झाले की जा.

कधी जायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. सगळे पावसाळ्यात जातात आणि मला तोच सगळ्यात धोक्याचा वाटतो. जुलैत लावणीच्या दिवसांत चिखलणी करून ट्रॅक्टर शेतातून थेट रस्त्यावर येतात. त्यांच्या लोखंडी चाकांतून पडलेला चिखल डांबरावर साबणासारखा पसरतो. धोदाणीच्या वाटेवर मालडुंगे गावाच्या अलीकडे एका वळणावर माझं पुढचं चाक त्यावरून गेलं आणि मी काही कळायच्या आत खाचरात. लावणी करणाऱ्या बायका आधी पोट धरून हसल्या. मग त्यातली एक म्हातारी हातातली रोपांची जुडी टाकून आली, मला उठवलं, सायकल उभी केली, चेनमध्ये अडकलेली भाताची रोपं एकेक सोडवून परत जुडीत ठेवली आणि विचारलं, “गाडी नाय का तुला?” मी म्हटलं, आहे की, घरी आहे. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

दुसरं म्हणजे पाणी. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसत असलं तरी थांबा किंवा मागे फिरा. २७ जुलै २०१९ला उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मधे अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजाराच्या आसपास माणसं होड्यांनी काढावी लागली. तिथे सायकलचं काय चालणार.

मला विचाराल तर डिसेंबर-जानेवारी. भात कापून झालेलं असतं, त्याच ओलीवर वाल पेरलेला असतो, खोऱ्यात आठपर्यंत धुकं. नेऱ्याच्या पुढे कुणी ओळखीचं झालं तर पोपटीचं, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचं, आमंत्रणही मिळतं, माझ्या वाट्याला ते एकदा आलं. त्या दिवशी सायकल टेम्पोत टाकून परतलो. इतकं खाऊन चालवता येत नाही. त्या महिन्यांत त्रास एवढाच की वीटभट्ट्या पेटतात आणि पेंढ्याने फुगलेल्या गाड्या समोरून आल्या की रस्ता सोडून उभं राहावं लागतं.

बाकी सामानाचं थोडक्यात. पंक्चरचं सामान आणि एक जास्तीची ट्यूब जवळ हवीच, कारण गावातला पंक्चरवाला मोटारसायकलची ट्यूब झकास काढतो, पण सायकलला बारीक वॉल्व्ह असला तर तो त्याच्या पंपाला बसत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या. नोटा सुट्ट्या ठेवा, आतल्या गावांत फोनला रेंज नसली की पैसे पाठवता येत नाहीत आणि चहावाला तुम्हाला ‘राहू द्या, परत याल तेव्हा द्या’ म्हणतो. मग परत जावं लागतं. कुत्री मागे लागली तर जोर लावून पळू नका. उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मधे धरा आणि चाला. तीस पावलांत त्याची हद्द संपते.

कळव्याहून सायकलनेच पनवेल गाठायचा विचार असेल तर विटाव्याच्या पुलाखालून ठाणे-बेलापूर रस्त्याने तीसेक किलोमीटर आधीच होतील आणि ते अजिबात शांत नाहीत. त्यापेक्षा ठाण्याहून पनवेल लोकल. नऊच्या आत धोदाणीहून परत फिरायचं असेल तर पनवेल स्टेशनबाहेर सहाला सायकलवर बसलेले असा.