सेंद्रिय की रासायनिक, घरातच दोन पार्ट्या

प्रश्न : धाकटा भाऊ सगळं रान सेंद्रिय करायचं म्हणून हटून बसलाय, म्हणतो युरियानं जमीन मरते. वडील म्हणतात खत बंद केलं की उत्पन्न निम्म्यावर येईल. मी मधल्या मधे अडकलेय, बरोबर कोण?

उत्तर : ताई, दोघंही थोडे बरोबर आहेत पण दोघंही जास्त ताणतायत. आधी नायट्रोजनचा हिशोब बघा कारण सगळं तिथंच अडतं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो आणि शेणखतात साधारण अर्धा टक्का, म्हणजे १०० किलो युरियाचं काम करायला ९ टनांच्या वर शेणखत लागतं आणि त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाला थोडंच मिळतं, बाकीचं सावकाश सुटतं. एवढं खत येणार कुठून, हे भावाला विचाराच. द्विदल पिकांची फेरपालट, हिरवळीचं खत (म्हणजे हिरवं पीक वाढवून रानातच गाडणं) यानं बराच भार उचलला जातो पण त्यासाठी रान काही महिने अडकतं.

जमीन मरते म्हणाल तर इंग्लंडमधे रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे, एका पट्ट्याला दरवर्षी शेणखत, दुसऱ्यांना रासायनिक खतं, आणि पीक दोन्हीकडे चांगलं येतं. तेव्हा खतानं जमीन मरते असं सरसकट नाही म्हणता येत. पण शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेण-पाल्यातून मातीत राहणारा कार्बन) दुपटीहून जास्त झालाय, आणि कर्ब असला की माती पाणी धरते, भुसभुशीत राहते, ही भावाची बाजू खरंच भक्कम आहे. फक्त तिथं शेणखत पडतं हेक्टरी ३५ टन!

वडिलांचं 'निम्म्यावर' पण जास्तच झालं. २०१२ ला 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात जगभरच्या प्रयोगांची तुलना आली होती, त्यात सेंद्रियचं उत्पन्न पीक आणि पद्धतीप्रमाणे ५ ते ३४ टक्के कमी निघालं. मात्र एका झटक्यात बदल केला तर वडिलांची भीती खरी ठरू शकते, श्रीलंकेनं २०२१ मधे रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली, भाताला जबर फटका बसला आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली.

मला स्वतःला सेंद्रियचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो फवारणाऱ्या माणसाचा. विषारी औषध आधी त्याच्याच अंगावर, श्वासात जातं, खाणाऱ्यापर्यंत त्याचा अंश पोचतो. तरी सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असं समजू नका, बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) तिथंही चालतं आणि त्यातलं तांबं वर्षानुवर्ष मातीत साठत जातं.

तर आधी माती तपासा आणि एक तुकडा भावाला द्या. बाकी रानात शेणखत चालू ठेवून युरिया मोजून, हप्त्याहप्त्यानं टाका, जास्तीचा नायट्रेट होऊन पाण्यात उतरतो. आणि सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळायला साधारण २-३ वर्षं जातात, तोवर उत्पन्न कमी आणि भाव नेहमीचाच, वर खुरपणीची मजुरी वाढते ती वेगळीच, तेवढा काळ घरखर्च कशावर चालणार ते तिघांनी बसून आधी ठरवा.