गच्चीवरचा वारा आणि नायलॉनचे मोजे

प्रश्न : बीटल्स या ब्रिटिश बँडच्या गच्चीवरच्या मैफलीची आठवण म्हणून आमचा ग्रुप दर 30 जानेवारीला सोसायटीच्या गच्चीवर वाजवतो. गेल्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये वाऱ्याच्या घरघरीपुढे गाणं ऐकूच येईना. त्यांनी हे कसं निभावलं? आणि त्यांच्या ‘गेट बॅक’ गाण्याची रेकॉर्डवरची आवृत्ती गच्चीवरचीच ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बायकांच्या नायलॉनच्या लांब मोज्यांनी! 1969 साली लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या त्या गच्चीवर बोचरं वारं होतं. माइकच्या केबल थेट त्याच इमारतीच्या तळघरातल्या आठ ट्रॅकच्या ध्वनिमुद्रण यंत्रापर्यंत सोडलेल्या. ॲलन पार्सन्स या तरुण सहायकाला मोजे आणायला पिटाळलं आणि ते माइकवर चढवले.

वारा माइकच्या पडद्यावर आदळला की तो गाण्यापेक्षा जोरात हलतो. आवाज एकदा फाटला की नंतर कितीही ईक्यू (आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करायची बटणं) फिरवा, फाटलेलंच राहतं. म्हणून बंदोबस्त माइकपाशीच हवा. आधी फोमची टोपी, तिच्यावर मोज्याचा एक थर, तोही सैलसर. जाळीला घट्ट चिकटवलेला मोजा फारसा उपयोगी नाही. मधली हवाच वाऱ्याचा जोर मोडते. मिक्सरवर गायकांच्या माइकचा लो-कट (खालचे घुमणारे आवाज कापणारा फिल्टर) 80 ते 100 हर्ट्झवर लावा, पण बेस गिटार आणि किक ड्रमला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) तो लावू नका. तोंड माइकपासून दोन-तीन बोटांवर, रेकॉर्डिंगची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास. जिन्याच्या खोलीचा आडोसा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

बीटल्सचा गायक-गिटारवादक जॉन लेनन याची बोटं थंडीने आखडली होती. तुमची अडचण उलटी : दुपारच्या उन्हात तारा तापून सैल पडतात, गिटार उतरते. गिटार अर्धा तास आधी गच्चीवर सावलीत ठेवा, सूर तिथेच लावा. शब्दांचे कागदही चिमट्यांनी पक्के करा. ‘डिग अ पोनी’ या गाण्याच्या वेळी लेननसमोर एक मदतनीस शब्द घेऊन गुडघ्यावर बसला होता!

‘गेट बॅक’ त्यांनी गच्चीवर तीनदा वाजवलं खरं, पण रेकॉर्डवरचं मुख्यतः तीन दिवस आधी, 27 जानेवारीला तळघरात ध्वनिमुद्रित झालेलं आहे. ‘लेट इट बी’ अल्बममध्ये त्याच्या शेवटी ऐकू येणारं लेननचं बोलणं तेवढं गच्चीवरचं, मागून जोडलेलं. मोज्यांची करामत ऐकायची तर त्याच अल्बममधली ‘डिग अ पोनी’, ‘आय हॅव्ह गॉट अ फीलिंग’ आणि ‘वन आफ्टर 909’ लावा.