सड्यावरचा प्रकल्प

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकते. पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पासाठी 'सड्यावरील (म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरील) वनस्पतींची जैवविविधता' हा विषय घेण्याचे मनात आहे. आमच्याकडे महागडी उपकरणे नाहीत. गावाजवळच्या सड्याऐवजी साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन अभ्यास केला तर प्रकल्पाला अधिक वजन येईल का?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : कासला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तेथे काम करायचे तर वनखात्याची परवानगी लागते. पण खरी अडचण अंतराची आहे. सड्यावरचे रूप पावसाबरोबर पंधरवड्या-पंधरवड्याने पालटते, त्यामुळे जून ते ऑक्टोबर या काळात जिथे तुम्ही पुन्हा पुन्हा जाऊ शकता तोच सडा तुमच्या कामाचा. डिसेंबरात विषय ठरवणाऱ्यांना वाळलेल्या गवताखेरीज फारसे काही हाती लागत नाही.

'जैवविविधता' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्याऐवजी असे विचारून पाहा : जांभ्यावरील मातीचा थर जसजसा जाड होतो, तसतशी तेथे उगवणारी झाडे कशी बदलतात? मातीची खोली मोजायला खुणा केलेली लोखंडी सळई पुरते. प्लॅस्टिकच्या नळ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करावी आणि दोऱ्याने तिचे शंभर घरे पडतील असे भाग करावेत; एखाद्या वनस्पतीने किती घरे व्यापली हे मोजले की तिचे आच्छादन ढोबळमानाने टक्क्यांतच मिळते. चौकट कोठे ठेवायची, हे मात्र घरूनच यादृच्छिक (आपली आवडनिवड न लावता निघालेले) आकडे काढून ठरवावे. पाठीमागे चौकट भिरकावण्याची रीत अनेक महाविद्यालयांत चालते, परंतु फेकणारा मुळात फुलांच्या गालिच्याजवळच उभा असतो!

एक चूक परीक्षकांच्याही नजरेतून सुटते. एकाच सड्यावर चाळीस चौकटी टाकल्या, तरी अभ्यास एकाच सड्याचा राहतो. चिरेखाणीमुळे वनस्पती कमी होतात का, असे विचारायचे असेल तर खाण असलेले आणि नसलेले असे प्रत्येकी अनेक सडे पाहावे लागतील, आणि तेवढा वेळ तुमच्याजवळ नाही. मातीच्या खोलीचा प्रश्न मी सुचवला तो याचसाठी, कारण हा फरक एकाच सड्यावर पावलापावलाला भेटतो. निष्कर्ष मात्र त्या सड्यापुरताच मांडावा.

सीतेची आसवे किंवा दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती ओळखणे सोपे आहे, पण गेंद या पांढऱ्या गोंडेदार फुलोऱ्याच्या वनस्पतीच्या जाती सूक्ष्मदर्शकाशिवाय सहसा ठरवता येत नाहीत. अशा वेळी मोबाइलने सुचवलेले नाव उतरवून घेण्यापेक्षा 'गेंद 1', 'गेंद 2' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल. फूल, पान आणि संपूर्ण झाड यांची छायाचित्रे मोजपट्टीसह घ्यावीत; कीटकभक्षी वनस्पती उपटू नयेत. बहुतेक सडे कोणाच्या तरी मालकीचे असतात, म्हणून आधी विचारून घ्यावे; आणि ढग गडगडू लागताच खाली उतरावे, कारण उघड्या कातळावर विजेपासून आडोसा नसतो.

मातीची खोली आणि वनस्पती यांचा काहीच संबंध दिसला नाही, तर तसेच लिहावे, आणि सगळ्या चौकटींच्या मूळ नोंदी परिशिष्टात जोडाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याच जागी पुन्हा चौकट ठेवता येईल.